प्रोसेसमध्ये आहे म्हणजे नेमकं कुणाकडं आहे?

सोलापुरात सध्या कुठलंच काम अडलेलं नाही. सगळी प्रोसेसमध्ये आहेत. ड्रेनेजची तक्रार प्रोसेसमध्ये, गुंठेवारीच्या प्लॉटचं प्रोसेसमध्ये, पोराचा नॉन क्रिमिलेयर प्रोसेसमध्ये, मिक्सर परत केला त्याचे पैसे प्रोसेसमध्ये, आणि शेजारच्या काकूंना विचारलं की काय हो, सुनीलचं जमलं का कुठं, तर त्या पण हल्ली "बघलालोय की, दोन-तीन ठिकाणी प्रोसेसमध्ये आहे" म्हणतात. म्हणजे स्थळ बघण्यापासून सातबाऱ्यापर्यंत सगळ्याला एकच उत्तर पुरतं. आणि ऐकणारा पण मान डोलावतो, बरं बरं म्हणतो आणि घरी जातो. मला हे मान डोलावणं खटकतं. काकूंचं सोडा, त्यांचं त्यांना, पण सरकारी ऑफिसात, बँकेत, महापालिकेत, जिथं जिथं आपला कागद किंवा आपला पैसा अडकलाय तिथं "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर म्हणून घेऊच नये असं माझं सरळ म्हणणं आहे. कारण ते उत्तरच नाही. आपण विचारलेलं असतं कधी होणार, कुणाकडं आहे, काय राहिलंय, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर त्या वाक्यात नसतं.

या शब्दाची पोच बघायची असेल तर शहराच्या पूर्व भागात जावा. घरात तेलुगू बोलणारी विडी वळणारी बाई पीएफच्या क्लेमबद्दल सांगताना "प्रोसेसलो उंदी" म्हणते, अक्कलकोटकडून आलेला कन्नडवाला "प्रोसेसदाग ऐती" म्हणतो, दखनी बोलणारा रिक्षावाला "प्रोसेस में है भई" म्हणतो आणि आपण मराठीवाले आहोतच. चार भाषांच्या या गावात कुणाचं क्रियापद कुणाला कळलं नाही तरी हे एवढं सगळ्यांना कळतं. कळतं म्हणजे काय, तर आज काम होणार नाही हे कळतं.

गंमत म्हणजे हा शब्द सोलापूरला नवा नाही. टॉवेल-चादरीच्या धंद्यात तो कितीतरी वर्षं वापरात आहे आणि तिथं त्याला अर्थ आहे, चांगला ठोस. माल प्रोसेसला गेलाय म्हणलं की रंगायला, धुवायला, ब्लीचिंगला गेलाय, एका पत्त्यावर गेलाय, टेम्पोतून गेलाय, चलन फाडून गेलाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही कारखानदाराला विचारा, मालक आमच्या ऑर्डरचं काय झालं, तो तुम्हाला नुसतं प्रोसेस म्हणून गप्प बसणार नाही, बसला तर गिऱ्हाईक तोडेल. तो सांगणार की सूत डाईंगला आहे, मंगळवारी येतंय, बीम, म्हणजे लूमवर चढवायचा सुताचा रूळ, भरली की चार-पाच दिवसात लूमवरून उतरतंय, मग शिलाई, मग पॅकिंग, पुढच्या शनिवारी ट्रान्सपोर्टला टाकतो. त्यातलं मंगळवारी येणार असलेलं सूत बुधवारपर्यंत नाही आलं की तोच मालक डाईंगवाल्याला फोन लावून चार माणसात ऐकवतो. उशीर तिथं पण होतो, रोज होतो, लाईट जाते, बॉयलर बंद पडतो, कामगार यात्रेला गावाकडं जातात. पण उशीर कुठं झाला हे बोट ठेवून दाखवता येतं.

हिशोबाच्या वहीत तर याहून कडक. इंग्रजीत हा शब्दप्रयोग कारखान्याच्या हिशोबात पक्का बसलेला आहे, वर्क इन प्रोसेस म्हणजे अर्धवट झालेला माल, कच्चा पण नाही आणि तयार पण नाही असा. ३१ मार्चला स्टॉक धरताना तो मोजावा लागतो, बीमवर किती सूत, लूमवर किती टॉवेल, शिलाईला किती पडलेत, आणि मोजून त्याची किंमत लावावी लागते. ज्याचं बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर उचल, आहे त्याला तर स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात कच्चा माल, इन प्रोसेस, तयार माल असे वेगवेगळे आकडे भरायचे, आणि बँकेचा माणूस कधीही येऊन म्हणू शकतो की इन प्रोसेसमध्ये एवढं दाखवलंय, चला दाखवा कुठाय. तिथं कारखानदार "प्रोसेसमध्ये आहे साहेब" एवढंच म्हणाला तर लिमिट कापलं जाईल. आणि त्याच कारखानदाराच्या खात्यातून एटीएमनं पैसे कापले पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तो विचारायला गेला, तर काउंटरवरून त्याला काय ऐकायला मिळतं? रिव्हर्सल प्रोसेसमध्ये आहे. म्हणजे एकाच टेबलाच्या एका बाजूला हा शब्द मोजून द्यावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला तो नुसता हवेत सोडला तरी चालतो. सगळा घोळ इथं आहे. कारखान्यात प्रोसेस ही जागा आहे, ऑफिसात ती पळवाट झाली.

त्या एटीएमचं पण सांगतो, कारण ते माहीत असलेलं बरं. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, त्यात फेल झालेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्यात. एटीएममध्ये खात्यातून पैसे गेले पण हातात आले नाहीत तर व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसात ते परत जमा झाले पाहिजेत, त्यापुढं प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती सुद्धा गिऱ्हाईकानं मागायची वाट न बघता बँकेनं स्वतःहून द्यायची. आता बघा, या नियमात प्रोसेस हा शब्द बोलायला जागाच ठेवलेली नाही. दिवस मोजा, शंभरनं गुणा, संपलं. पण हे माहीत नसलेला माणूस पंधरा दिवस "होईल हो, प्रोसेसमध्ये आहे म्हणले" असं बायकोला सांगत बसतो.

आता ऑफिसाकडं येऊ. तिथं हल्ली प्रोसेसचा एक सख्खा भाऊ आलाय, लॉगिन. "तुमचं साहेबांच्या लॉगिनला आहे." सेतू केंद्रामध्ये उत्पन्नाचा, जातीचा दाखला टाकला की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, म्हणजे एका लॉगिनवरून दुसऱ्या लॉगिनवर सरकतो, कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, काही दाखल्यांना प्रांताधिकारी. खरं तर कागदाच्या जमान्यापेक्षा हे बरं, कारण आता कुठल्या लॉगिनला कधी पोचलं आणि कधी पुढं गेलं याची नोंद कॉम्प्युटरमध्ये आपोआप राहते. म्हणजे कुणाकडं किती दिवस पडून होतं हे एका क्लिकवर दिसू शकतं. पण दिसतं कुणाला? आतल्यांना. बाहेर आपल्या मोबाईलवर येतं काय, तर अंडर प्रोसेस. मशीनला सगळं माहीत असताना माणसाला मुद्दाम कमी सांगायचं, हे कागदाच्या जमान्यात निदान शक्य नव्हतं, तेव्हा फाईल कुणाच्या कपाटावर पडलीय हे चहावाला पण सांगायचा.

आमच्याच घरातलं सांगतो. चुलते गेले, त्यांच्या मागं शेताला वारस लावायचे होते. काम मोठं नाही, कोर्टकचेरी नाही, भावाभावात भांडण नाही. अर्ज दिला, कागद जोडले, आणि मग चुलतभाऊ जेव्हा जेव्हा जायचा तेव्हा तेच, प्रोसेसमध्ये आहे अण्णा, होऊन जाईल. फोन केला तरी तेच. शेवटी एका रिटायर्ड सर्कलसाहेबांनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, ते आमच्या सासुरवाडीकडचे, कट्ट्यावर बसून अर्ध्या तासात समजावून सांगितलं की वारस नोंद म्हणजे एकच काम नसतं बाबा. आधी तलाठी, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, ते वारसांची चौकशी करून वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ क मध्ये नोंद घेणार, मग फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरणार, मग ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस जाणार, हरकत घ्यायला १५ दिवस, आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, तेव्हा कुठं सातबाऱ्यावर नावं चढणार. तुम्ही यातल्या कुठल्या पायरीवर आहात ते विचारा, म्हणाले, प्रोसेस प्रोसेस काय लावलंय.

तसं विचारलं. "भाऊसाहेब, फेरफार धरला का? नंबर काय? नोटिसा कुणाकुणाला बजावल्या?" आणि काय निघालं बघा, बार्शीला दिलेल्या चुलतबहिणीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती आणि परत आली होती. बस. एवढंच. ती आणि दाजी मध्येच घर बदलून दुसऱ्या पेठेत राहायला गेलेले. तिनं येऊन सही केली आणि पुढचं सगळं नियमानं सरळ झालं, कुणी एक रुपया मागितला नाही हे पण सांगायला पाहिजे. म्हणजे इतके दिवस त्या ऑफिसात कुणीच आमच्या कामावर काहीच करत नव्हतं आणि करायला त्यांच्या हातात पण काही नव्हतं, काम आमच्याकडूनच एका पत्त्यासाठी थांबलेलं, आणि आम्ही पेट्रोल जाळत त्यांच्याकडं चकरा मारत होतो. "नोटीस परत आलीय, पत्ता द्या" हे वाक्य "प्रोसेसमध्ये आहे" पेक्षा फार लांब नाही. पण ते बोलायला फाईल उघडावी लागते.

म्हणून मला वाटतं या शब्दाचं सगळ्यात मोठं नुकसान उशीर लपवणं हे नाही. उशीर आपण सोसतो, सवय आहे. नुकसान हे की ज्याच्या हातात पुढची हालचाल आहे त्यालाच ते कळत नाही. कधी ती आपल्या हातात असते, कधी साहेबाच्या, कधी दुसऱ्याच खात्याच्या, आणि "प्रोसेसमध्ये" म्हणलं की सगळेच निवांत.

इथं काही मंडळी लगेच म्हणतील की बघा, इंग्रजीचं खूळ, मराठीत बोला म्हणजे सुधारेल. मला हे अजिबात पटत नाही. मराठी सरकारी कागद काढून बघा, "उचित कार्यवाही सुरू आहे", "प्रकरण विचाराधीन आहे", "आवश्यक ती कार्यवाही करण्याची तजवीज ठेवली आहे". शुद्ध मराठी, आणि अर्थ तोच, म्हणजे काहीच नाही. उलट इंग्रजीतल्या मूळ वापरात निदान कर्ता तरी असतो, तिकडं वाक्य येतं "वी आर इन द प्रोसेस ऑफ" आणि पुढं काय ते सांगावं लागतं, नुसतं तिथं थांबलं तर वाक्य लंगडं वाटतं. अंडर प्रोसेस हे तर आपल्याच देशातल्या ऑफिसांनी घडवलेलं इंग्रजी. आपण त्यातला "वी" काढून टाकला आणि "ऑफ"च्या पुढचं पण काढून टाकलं, उरलं ते वापरायला घेतलं. आणि आमच्या सोलापुरी बोलीचं काय सांगावं, "काय करलालास बे?" म्हणून कुणाला विचारलं तर "फॉर्म भरलालोय" असंच यावं लागतं, त्या भरलालोयमध्ये मी आलो, भरणं आलं, आत्ता चाललंय हे पण आलं. करणारा माणूस गाळून ते रूप वापरताच येत नाही. तेव्हा भाषेत सोय भरपूर आहे, मराठीत पण आणि इंग्रजीत पण. सोय वापरायची इच्छा नाही हा मुद्दा.

आणि कायदा? कायदा तर सगळा तारीख आणि नावावरच उभा आहे, वाचून आश्चर्य वाटेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, त्याच्या वरचा पहिला अपिलीय अधिकारी, त्याच्या वरचा दुसरा, हे सगळं जाहीर करायचं बंधन ऑफिसावर आहे. अर्जाची पोच द्यायची, त्याला नंबर द्यायचा. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली तर ३० दिवसात पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. पुरेसं कारण नसताना उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. त्याच्या आधीचा २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांचा कायदा म्हणून सगळे ओळखतात, पण त्याच्या नावातच पुढं विलंबास प्रतिबंध असं आहे, आणि त्यात सरकारी कर्मचाऱ्यानं कुठलीही फाईल आपल्या टेबलावर साधारणपणे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. सात दिवस! पीएफच्या क्लेमला पण, जिथं स्टेटसमध्ये शब्दशः अंडर प्रोसेस असं येतं, कागद पूर्ण असतील तर २० दिवसाची मुदत योजनेच्या नियमातच घातलेली आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याला प्रोसेस ही चीज काय करते हे पुरतं माहीत होतं. म्हणून त्यानं प्रत्येक पायरीला माणूस आणि दिवस बांधला. आपण तो सोडवून टाकला, ऑफिसानं एका टोकानं आणि आपण मान डोलावून दुसऱ्या टोकानं.

खिडकीतल्या माणसाची बाजू पण बघितली पाहिजे, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. त्याला पगार कमी असतो असं मी म्हणणार नाही, पण तो बिचारा सही करणारा नसतो. पदं रिकामी, एका तलाठ्याकडं दोन-दोन तीन-तीन सज्जांचा, म्हणजे गावांच्या गटांचा, चार्ज, वर निवडणुकीचं काम, पंचनामे, कुठली तरी नवीन योजना आली की सगळं सोडून तिचे फॉर्म. आणि फाईल जर साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडली असेल तर तो "साहेबांनी सही केली नाही" असं बाहेरच्या माणसाला सांगू शकतो का? सांगितलं तर दुपारपर्यंत आत बोलावणं येतं. मग तो असं वाक्य शोधतो ज्यात कुणाचंच नाव येत नाही आणि कुणी खोटं पण बोललं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मी पण हेच म्हणलो असतो. पण म्हणूनच हे त्याच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. ज्याला नाव घ्यायची भीती आहे त्याच्याकडून नाव काढून घेण्यात अर्थ नाही, ते पावतीवर आधीच छापलेलं पाहिजे.

शहराच्या मोठ्या कामात पण हीच तऱ्हा. उजनीसारखं ११७ टीएमसीचं धरण आपल्याच जिल्ह्यात आणि शहरात पाणी चार-पाच दिवसाआड, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगताना लाज वाटते. पण त्यातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. खालच्या टोकाला, गल्लीत, कुणी प्रोसेस म्हणत नाही. कुठल्या भागाला कुठल्या दिवशी पाणी, पहाटे की रात्री, चावी सोडणारा कोण, त्याचा नंबर, हे सगळ्या बायकांना पाठ असतं, आणि अर्धा तास उशीर झाला तर त्याला फोन जातो, "काय ओ मामा, आज सोडत नाही काय?" तो पण सांगतो, अक्का टाकी भरली नाही, लाईट गेली होती, आठला सोडतो. याला म्हणतात उत्तर. आणि वरच्या टोकाला उजनीवरून यायची समांतर जलवाहिनी, ती इतकी वर्षं प्रोसेसमध्ये होती, टेंडर, ठेकेदाराचा वाद, पुन्हा टेंडर, की शेवटी लोकांनी विचारायचंच सोडलं. चावीवाल्या मामाला जेवढं धारेवर धरतो तेवढं आपण वरच्यांना कधी धरलं?

विमानाचं तर सगळ्यांना माहीत आहे. छोट्या शहरांसाठीच्या उडान विमान योजनेच्या पहिल्या यादीत सोलापूरचं नाव २०१७ ला आलं. धावपट्टीच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली १५ जून २०२३ ला, आणि गोव्याचं पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला. चिमणी पाडावी की नको यावर शहर दोन गटात भांडलं, ते भांडण मी इथं काढत नाही. मला दिसतो तो चिमणी पडल्यापासून विमान उडेपर्यंतचा जवळजवळ दोन वर्षांचा काळ. चिमणी हे एकच कारण असेल तर ती पडल्यावर लगेच उडायला पाहिजे होतं की नाही? त्या काळात धावपट्टी, टर्मिनल, लायसन, मग विमान कंपनी, अशी चार वेगवेगळी कामं होती, ती सगळी एकाच खात्याकडं नव्हती. आपल्यापर्यंत काय आलं? विमानसेवा लवकरच, प्रोसेस सुरू आहे. चार तारखा मागता आल्या असत्या तिथं आपण एकच "लवकर" घेऊन बसलो, आणि कट्ट्यावर बसून जोक केले. जोक चांगले होते ते सोडा.

याच्या उलट कुंभारीचं रे नगर. ३० हजार घरांची विडी कामगारांची आणि असंघटित कामगारांची वसाहत, पायाभरणी ९ जानेवारी २०१९ ला, त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला, दोन्ही वेळेला पंतप्रधान आले होते. पाच वर्षं लागली, मधे कोरोना पण येऊन गेला. पण त्या योजनेत केंद्राचे दीड लाख वेगळे, राज्याचा एक लाख वेगळा, लाभार्थ्याचा हिस्सा वेगळा, आणि मोर्चे निघायचे ते अमुक हिस्सा सोडा, अमुक सुविधेचे पैसे द्या अशा मागण्यांचे. राजकारण कुणाचं काय हा भाग बाजूला ठेवा, पण मागायची रीत बघा. घर कधी देणार असं मोघम विचारलं की प्रोसेसमध्ये आहे असं मोघम उत्तर येतं. हप्ता कधी सोडणार असं विचारलं की एका खात्याला तोंड उघडावं लागतं. विडी वळणाऱ्या बायकांना जे जमलं ते एलएलबी झालेल्या आपल्या पोरांना जमत नाही याचं मला नवल वाटतं.

घरगुती वापराबद्दल माझी काही तक्रार नाही, ते आधीच म्हणलं. सुनीलला नोकरी लागली का, लग्न जमलं का, मूलबाळ कधी, असल्या चौकशांना "प्रोसेसमध्ये आहे" हे अगदी झकास उत्तर आहे, कारण तिथं विचारणाऱ्याला तारीख मागायचा हक्कच नाही. तिथं झाकायलाच पाहिजे. पंगतीत बसून भोचकपणा करणाऱ्याला याहून सभ्यपणे गप्प करणारं वाक्य मला माहीत नाही. अडचण एवढीच की जे वाक्य भोचक पाहुण्याला परतवायला चांगलं, तेच ऑफिस आपल्याला परतवायला वापरतंय. म्हणजे आपल्या कामाची चौकशी करताना आपणच भोचक ठरतो.

मग करायचं काय. माझी मागणी महापालिकेकडं आणि जिल्ह्यातल्या सगळ्या ऑफिसांकडं एकच आहे, आणि तिला खर्च फारसा नाही. स्टेटस म्हणून अंडर प्रोसेस हा शब्द दाखवणं बंद करा. त्याच्या जागी तीन रकाने दाखवा, कुठल्या टेबलाकडं किंवा लॉगिनला आहे, कुठल्या तारखेपासून आहे, आणि पुढं जायला काय पाहिजे. हे तिन्ही तुमच्या सिस्टीमकडं आत्ताच आहे, फक्त पडद्याच्या आतल्या बाजूला आहे, ते बाहेरच्या बाजूला आणा. नावं नको असतील तर पदनाम टाका, चालेल. याला विरोध होईल हे मला माहीत आहे आणि तो कुणाकडून होईल हे पण, कारण पुढं सरकायला "काय पाहिजे" हा रकाना उघडा पडला की काही ठिकाणी खरंच काय पाहिजे असतं ते सगळ्यांना दिसेल.

ते होईपर्यंत आपल्या बाजूनं जमण्यासारखं आहे ते असं. अर्ज देताना पोच घ्यायचीच, आवक नंबर आणि शिक्क्यासकट, आणि त्याच वेळी विचारायचं की मुदत किती दिवसाची. नागरिकांची सनद म्हणून एक बोर्ड भिंतीवर असतो, बऱ्याच ठिकाणी कपाटाच्या मागं गेलेला असतो पण असतो, त्यात सेवेपुढं दिवस आणि अधिकारी लिहिलेले असतात, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. मुदत गेली की चकरा बंद करायच्या आणि पहिलं अपील टाकायचं, त्याला तो फोटो आणि पोच जोडायची. आणि ज्या कामाला सेवा हक्काची मुदत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार आहेच. त्यात "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारायचं नाही, त्याला कार्यवाही सुरू आहे असं ३० दिवसांनी उत्तर येतं. विचारायचं असं, की माझा अमुक नंबरचा अर्ज कोणकोणत्या अधिकाऱ्याकडं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, त्या काळात प्रत्येकानं त्यावर काय कार्यवाही केली, आणि त्या टिपणीची छायांकित प्रत द्या. या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलं की फाईल उघडावीच लागते, आणि उघडली की बरेच वेळा उत्तर पोस्टात टाकायच्या आत काम होऊन जातं.